आठव्या पायरीवरचा डाव

माझ्या भागीदारानं मला फसवलं. त्याच्या हातात फार तर आठ महिने आहेत हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं ते बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, आणि मला सांगितलं की पोटात अल्सर आहे. मी ते खरं मानलं. आयुष्यभर जनावराच्या तोंडात हात घालून वय सांगणाऱ्याला समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचता आला नाही, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. तोही माझ्यासारखाच हेडी होता, बैलांच्या बाजारातला दलाल. चेहरा कसा झाकायचा हे आम्ही दोघं एकाच बाजारात शिकलो होतो.

माझे आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी कोयता धरला नाही. पंधराव्या वर्षी एक शेळी घेऊन विकली, त्यातून दुसरी घेतली, आणि मग बैलांपर्यंत आलो. मला कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. त्यामुळं असेल, माझं डोकं लवकर तापतं. भागीदार भेटला तो या डोक्यामुळंच. पाटोद्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याशी माझं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मी रागानं उठून चालता झालो. हा त्या म्हाताऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, "माणूस कडक हाय, पन बोलीचा पक्का हाय. बोलवू का मागं?" म्हाताऱ्यानं बोलवा म्हटलं आणि बैलजोडी माझ्या भावात मला मिळाली. ना ओळख ना पाळख. बाजार उठल्यावर चहा पिता पिता तो म्हणाला, "तू उठून जात जा. मी बोलवीत जाईन."

त्यावर आमचा धंदा वीस वर्षं चालला. बाजारात आम्ही एकमेकांना ओळख दाखवायचो नाही. मी भाव पाडून मागायचो, भांडायचो, कपडे झटकून उठायचो. उठलेल्यानं मागं वळून बघायचं नाही, हा आमचा नियम होता. जो आधी हाक मारतो त्याचा भाव पडतो. मग तो गोड बोलून बैलवाल्याकडून मला हाक मारायला लावायचा, आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा पक्का व्हायचा. लोक म्हणायचे याचा राग नाटकी आहे. नाटकी नव्हता. खरा होता म्हणूनच चालायचा.

गेल्या वर्षी त्यानं बाजाराला येणं बंद केलं. अल्सर आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, असं म्हणाला. मी पाटोद्याहून जीप काढून आठवड्यातनं दोनदा दुपारचा चौसाळ्याला त्याच्या घरी जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा हा गडी पलंगावर उशीला टेकून, मांडीवर पाट ठेवून, पाटावर लॅपटॉप ठेवून बसलेला. मुलगी पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिनं आपला जुना लॅपटॉप बापाला दिला होता, वेळ जावा म्हणून, आणि त्यात पत्त्यांचा एक खेळ टाकून दिला होता.

"तीन पत्ती हाय का?" मी विचारलं.

"न्हाई. पोकर म्हनत्यात. तसलंच, पन येगळं हाय. बस."

"समोर कोन खेळतंय?"

"कुनी न्हाई."

"मग फसवायचं कुनाला?"

"कुनालाच न्हाई फसवायचं."

"मग ह्यो खेळ कसला बे?"

तो हसला आणि मला सरकून जागा दिली. त्यानं मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. आठ पत्ते मिळतात. त्यातले पाचापर्यंत लावायचे. जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सलग पाच, एका रंगाचे पाच, अशी प्रत्येकाची किंमत ठरलेली. ठराविक चालींत ठराविक गुण करायचे. नको असलेले पत्ते फेकून नवे घेता येतात, पण फेकायची संधी मोजकीच. एक फेरी जिंकली की दुकान उघडतं. दुकानात जोकर मिळतात आणि प्रत्येक जोकर गुण वाढवायची काहीतरी वेगळी युक्ती करतो. पाचच जोकर जवळ ठेवता येतात. पत्त्यांचा कॅटसुद्धा हळूहळू आपल्या मनासारखा बनवत न्यायचा, नको ते पत्ते काढायचे, हवे ते घालायचे. अशा तीन-तीन फेऱ्यांच्या आठ पायऱ्या. आठवी पार केली की जिंकलं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. माझ्याकडं सलग पाच पत्ते होते आणि मशीननं एका रंगाच्या पाचांना त्याहून जास्त गुण दाखवले. तीन पत्तीत सलग मोठं, कलर बारकं. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

"मशीन चुकतंय," मी म्हणालो.

"चुकत न्हाई. ह्यात उलटं हाय."

"कावून उलटं? कुनी ठरवलं?"

"आता त्यांना इचाराया जाऊ का? उलटं हाय म्हंजी हाय."

मी दोन दिवस त्या गोष्टीवर रुसलो होतो. माणूस साठीच्या घरात आल्यावर त्याला कोणी सांगावं की कलर मोठा, हे मला पटेना.

त्याहून वाईट होतं ते दुकान. जोकराखाली किंमत लिहिलेली असायची. मी म्हणायचो, दोन कमी कर. तो म्हणायचा, मशीन हाय बे ते, कुनाला सांगतोस. मग मी घ्यायचोच नाही. आत्ता सोडू, पुढच्या फेरीनंतर येऊ, दुकानदार नरमेल, ही माझी हाडातली सवय. पुढच्या वेळी दुकान उघडलं की तो जोकर गेलेला असायचा आणि त्याच्या जागी कुठला तरी भिकार जोकर त्याच भावात. असं मी पाच-सहा वेळा केलं. सहाव्या वेळी भागीदार इतका हसला की पोट दाबून कुशीवर वळला आणि बराच वेळ तसाच राहिला. हसून हसून पोटात गोळा आला, असं तो म्हणाला. मीही हसलो. आता ते आठवलं की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

त्या खेळात ग्रहांचे पत्तेही विकत मिळतात. एकेक ग्रह एकेका डावाची किंमत वाढवतो. सलग पाचांचा ग्रह निघाला शनी. मी म्हणालो, पैसे देऊन शनी घरात आणायचा नाही. आतून वहिनींनी ऐकलं आणि त्याही म्हणाल्या, "भावजी बराबर म्हनतेत. दुसरं काय बी घ्या." भागीदारानं दोघांकडं बघितलं आणि बटण दाबून शनी घेतला. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाचव्या पायरीला पोचलो. "बघ," तो म्हणाला, "आनखी काय वाकडं करनार हाय त्यो माझं?" वहिनी एकदम आत निघून गेल्या. मला वाटलं, शनी घेतल्याचा राग आला.

असं बरंच काही माझ्यासमोर घडत होतं. त्याच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. भज्यांची ताटली तो माझ्याकडं सरकवायचा. मला वाटायचं, पथ्य. पुढं पुढं माऊस त्यानं माझ्याच हातात दिला. "तू चालव, मी सांगतो," म्हणाला. मला वाटलं, याला आता आळस भरला. एका मोडक्या पायाच्या बैलाला मी शंभर पावलांवरून ओळखलं असतं.

एक बदल मात्र मी टिपला होता. आधी तो निवांत खेळायचा. गप्पा मारायचा, बाजाराची खबर विचारायचा, कुठली जोडी कितीला गेली ते ऐकायचा. नंतर त्याला घाई सुटली. मी चप्पल काढेपर्यंत "लाव, लाव" म्हणायचा. वीज गेली की बॅटरी किती राहिली ते बघत बसायचा. एकदा म्हणाला, "एकदा आठवी पायरी पार करू. दोघांनी मिळून. मग झालं."

"मग काय झालं? मग दुसरा डाव लावू."

"दुसरा तू लाव तुझ्या घरी."

"कावून? तू कुठं चाललास?"

"ऊसतोडीला," तो म्हणाला, आणि मी पुन्हा हसलो.

शेवटी एका दुपारी आम्ही आठव्या पायरीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो. वहिनीसुद्धा हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडं चांगले जोकर होते, त्यातले दोन असे की एका रंगाचे पाच पत्ते लावले तरच जोर धरायचे. शेवटची चाल उरली होती आणि फेकायची एक संधी शिल्लक होती. हातात दोन राण्या, दोन सत्त्या, म्हणजे दोन जोड्या. आठातले चार पत्ते इस्पिकचे. पाचवा इस्पिक आला तर काम फत्ते.

"फेक," भागीदार म्हणाला. "इस्पिक ठेव, बाकीचे चार फेक."

"हातातल्या दोन जोड्या मोडून? आन न्हाई आला इस्पिक तर?"

"येतो. इस्पिक लई शिल्लक हायेत. मी मोजलेत."

"मोजायचं काय त्यात. दोन जोड्यांत भागतंय, दिसतंय मला."

"तुला न्हाई दिसत. फेक म्हनतो ना."

मी आयुष्यात मोजून सौदा केलेला नाही. नजरेनं केला आणि नजरेनं कमावलं. हातातलं सोडून नसलेल्याच्या मागं जाणारी माणसं मी बाजारात रडताना बघितली आहेत. मी दोन जोड्या लावल्या. आकडे वाढत गेले, वाढत गेले, आणि थोडक्यात थांबले. हरलो. पडद्याच्या कोपऱ्यात न वापरलेली फेक तशीच दिसत होती.

माझा भागीदार वीस वर्षांत माझ्यावर ओरडला नव्हता. ओरडायचं काम माझं होतं. त्या दिवशी तो ओरडला. पाट ढकलला, लॅपटॉप गादीवर उलटा पडला.

"सांगितल्यालं ऐकायचंच न्हाई का रे कधी? एवढी एक गोष्ट मागितली तुला!"

"पत्त्यापायी ओरडतोस? माझ्यावर?"

"पत्त्यापायी न्हाई ओरडत."

"मग कशापायी?"

त्यानं उलटा पडलेला लॅपटॉप सरळ केला. तिथं त्यानं सांगायला हवं होतं. दार उघडं होतं, वहिनी उभ्या होत्या, मी समोर होतो. त्यानं सांगितलं नाही, आणि ते मला सहन झालं नाही. मी जे बोललो ते इथं लिहितो, कारण न लिहून ते पुसलं जाणार नाही. मी म्हणालो, "बाजार मी एकटा करतो. उन्हातान्हात मी मरतो. आन तू पोटदुखीचं सोंग घेऊन पलंगावर पत्ते खेळतोस आन मला अक्कल शिकवतोस."

वहिनी म्हणाल्या, "भावजी!" त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. मी कपडे झटकले आणि उठलो. मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस गेले. माझी समजूत अशी होती की तो हाक मारेल. चूक त्याचीही होती, त्यानं आधी आवाज चढवला होता. आणि हाक मारायचं काम नेहमी त्याचं होतं, माझं उठून जायचं. मी रोज फोन काढायचो आणि खिशात ठेवायचो. जो आधी बोलतो त्याचा भाव पडतो, हे ज्याच्याबरोबर शिकलो त्याच्यावरच मी ते चालवत होतो. दोनदा हायवेनं चौसाळ्यावरून गेलो. दोन्ही वेळा त्याच्या घरासमोर जीप हळू केली. ओट्यावर त्याची खुर्ची होती, तो नव्हता; आत दारात वहिनी उभ्या दिसल्या. आत खेळत बसला असेल, माझ्यावाचून जिंकायला बघत असेल, असं मनात आलं आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

विसाव्या दिवशी सकाळी मी बाजारात होतो. एका बैलाचा पाय बघत होतो. त्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, पप्पा गेले."

मी विचारलं, "कशानं?"

ती म्हणाली, "असं काय विचारता काका? तुम्हाला तर माहीतच होतं. पप्पा म्हणाले होते, तुम्हाला सगळ्यात आधी सांगितलंय."

म्हणजे तिलाही फसवलं. बैलवाला मला विचारत होता की काय देता बोला. मी त्याला तो म्हणेल ती किंमत कबूल करून टाकली असेल, मला आठवत नाही.

गावात जे कळायचं ते मग कळलं. औषधाचा दुकानदार तिरडीमागं माझ्याशेजारी चालत होता. "लई सोसलं हो त्यानं," म्हणाला. "सा महिन्यापासून गोळ्या माझ्याकडनंच जात हुत्या." त्याच्या दुकानाला लागून असलेल्या टपरीवर मी आठवड्यातनं दोनदा चहा पीत होतो. हा माणूस मला दर वेळी राम राम घालत होता.

चौदाव्याच्या जेवणानंतर पाहुणे पांगल्यावर मुलीनं लॅपटॉप आणून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "काका, हा तुम्ही न्या." तो उघडला तर खेळ तसाच सुरू होता. नवा डाव, पहिली पायरी, आठ पत्ते मांडलेले, एकही लावलेला नाही. मी विचारलं, हा कधीचा? ती म्हणाली, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लावून ठेवला, रोज चार्जिंगला लावायला सांगायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत. मी लॅपटॉप मिटला आणि नको म्हणालो. तेही मी रागातच म्हणालो.

मग मी वहिनींना विचारलं. ओट्यावर चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर विचारलं.

"वहिनी, तुमी मला कावून सांगितलं न्हाई?"

"शपथ घातली हुती भावजी त्यांनी."

"कसली शपथ? माणूस मरतंय आन शपथ?"

"ते म्हनले, ज्याला कळलं त्यो माझ्याशी हळू बोलाया लागला. पोरगी हळू बोलती, तू हळू बोलतीस, शेजारी हळू बोलत्यात. एक जन तरी राहू द्या भांडाया. त्याला कळलं तर त्यो बी मोसंब्या घेऊन यील आन मला जिंकू दील."

ते खरं होतं. कळलं असतं तर मी मोसंब्या नेल्या असत्या. त्या दिवशी मी फेकही वापरली असती, तो म्हणाला म्हणून, इस्पिक आला असता किंवा नसता. पण पोटदुखीचं सोंग हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते.

"आन मी गेलो त्याच्यानंतर?" मी विचारलं. "ते एकोनीस दिवस? तवा बी शपथच?"

वहिनींनी माझ्याकडं सरळ बघितलं. त्या रडत नव्हत्या. "रोज म्हनत हुते, आज यील. मी म्हनले, फोन करते. ते म्हनले, करू नको, फोन केला की त्याला कळंल काय झालंय ते. त्यो आपल्या पायानं यील. भावजी, तुमी कावून आला न्हाई? त्याचं उत्तर आधी द्या, मग मला इचारा."

त्याचं उत्तर मी देतो. मी आलो नाही कारण मी हट्टी आहे. आयुष्यभर मी उठून गेलो आणि कोणीतरी मला बोलावलं, त्याची मला सवय झाली. कोणी न बोलावता परत कसं जायचं, हे मला येत नव्हतं आणि साठीपर्यंत त्याची गरजही पडली नव्हती. ती माझी चूक. ती मी कोणावर ढकलत नाही. ती घेऊन मी झोपतो आणि ती घेऊन उठतो.

पण माझ्याजवळ नुसता हट्ट होता, आणि बाकी सगळ्यांजवळ खबर होती. भागीदारानं मला भांडायला ठेवून घेतलं, त्याला शेवटपर्यंत कोणीतरी जोरात बोलणारं हवं होतं म्हणून. त्याचं भागलं. माझं काय? ते शब्द मी एका मरणाऱ्या माणसाला बोललो, आणि ते मागं घ्यायला मला एकोणीस दिवस होते, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. शपथ वहिनींना घातली होती, औषधवाल्याला नव्हती. चौसाळ्यातल्या कोणाही माणसाला नव्हती. हायवेवर माझी जीप हळू झालेली दोनदा लोकांनी बघितली. त्यातल्या एकानं हात आडवा करून "उतर, आत जा" एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. ते कोणी म्हटलं नाही. वहिनी, तुम्ही तेवढे दिवस दारात उभ्या होतात. तुम्ही फोन केला नाही, ठीक, शपथ होती. पण माझी जीप दिसली तेव्हा ओट्यावर येऊन नुसत्या उभ्या का राहिला नाहीत? याचं उत्तर मला पाहिजे, आणि ते तुम्हीच द्यायचं आहे.